अमेरिकेतील मोटारसायकलस्वारांची हेल्मेटविरोधी चळवळ आणि निवडणूक-प्रचारातील स्वयंसेवा : एक ऐतिहासिक अभ्यास (१९६६-२०२४)

प्रस्तावना :

दबावगटांचा विचार करताना आपल्याकडील पाठ्यपुस्तकांतून उद्योगपतींच्या संघटना, कामगार संघ, शेतकरी संघटना, जातीय व धार्मिक संस्था यांची उदाहरणे प्रामुख्याने दिली जातात. या सर्व गटांजवळ पैसा, मोठी मतसंख्या किंवा काम बंद पाडण्याची शक्ती यांपैकी काही ना काही असते. परंतु ज्या गटाजवळ यांपैकी काहीही पुरेसे नाही, तो गट लोकशाहीत कायदे बदलून घेऊ शकतो काय, हा प्रश्न इतिहासाच्या व राज्यशास्त्राच्या अभ्यासकाला विचार करावयास लावणारा आहे. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील मोटारसायकलस्वारांच्या चळवळीचा इतिहास हे या प्रश्नाचे एक लक्षणीय उत्तर आहे.

अमेरिकेत नोंदणीकृत वाहनांपैकी मोटारसायकलींचे प्रमाण सुमारे तीन टक्के इतकेच आहे. समाजात या स्वारांची प्रतिमा दीर्घकाळ प्रतिकूल होती. डॉक्टर, परिचारिका, विमा कंपन्या आणि वाहतूक सुरक्षेचे संघीय खाते यांचा हेल्मेटसक्तीला सातत्याने पाठिंबा होता. असे असूनही १९७५ साली पन्नासपैकी सत्तेचाळीस घटकराज्यांत लागू असलेला सर्व स्वारांसाठीचा हेल्मेट कायदा २०२४ साली केवळ सतरा घटकराज्यांत व राजधानीच्या कोलंबिया जिल्ह्यात शिल्लक राहिला. हा बदल कसा घडून आला, त्यात निवडणूक-प्रचारातील स्वयंसेवेचा वाटा किती होता आणि त्याची किंमत कोणी मोजली, या तीन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

हेल्मेट कायद्याची पार्श्वभूमी :

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत मोटारसायकल हे युद्धावरून परतलेल्या तरुणांचे आवडते वाहन बनले. १९४७ साली कॅलिफोर्नियातील हॉलिस्टर या गावी भरलेल्या मेळाव्यात झालेल्या गोंधळास वृत्तपत्रांतून भडक प्रसिद्धी मिळाली. १९५३ च्या 'द वाइल्ड वन' या चित्रपटाने मोटारसायकलस्वार म्हणजे गुंड ही प्रतिमा पक्की केली, तर १९६९ च्या 'ईझी रायडर'ने त्याला बंडखोर भटक्याचे रूप दिले. दरम्यान १९५९ मध्ये होंडा कंपनीने लॉस एंजेलिस येथे आपली शाखा उघडली. लहान व स्वस्त दुचाकींमुळे १९६० च्या दशकात स्वारांची संख्या झपाट्याने वाढली आणि त्याबरोबर अपघाती मृत्यूंची संख्याही वाढत गेली.

याच सुमारास रस्ते-सुरक्षा हा राष्ट्रीय प्रश्न बनला होता. राल्फ नेडर यांच्या १९६५ मधील ग्रंथाने मोटार उद्योगाच्या बेफिकिरीवर प्रकाश टाकला. सप्टेंबर १९६६ मध्ये राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी महामार्ग सुरक्षा कायद्यावर स्वाक्षरी केली. अमेरिकेच्या राज्यघटनेनुसार रस्त्यावरील वाहतुकीचे नियम करणे हा घटकराज्यांचा अधिकार असल्याने संघीय सरकारने येथे आर्थिक दबावाचा मार्ग स्वीकारला. जी राज्ये केंद्राने ठरवून दिलेली सुरक्षा-मानके स्वीकारणार नाहीत त्यांच्या महामार्ग बांधणी निधीतील दहा टक्के रक्कम रोखता येईल, अशी तरतूद करण्यात आली. हेल्मेटसक्ती हे या मानकांपैकी एक होते. परिणामी १९७५ पर्यंत कॅलिफोर्निया, इलिनॉय आणि युटा ही तीन राज्ये वगळता इतर सर्व राज्यांनी सर्व वयाच्या स्वारांसाठी हेल्मेटसक्तीचे कायदे केले.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. हे कायदे बहुतेक राज्यांत लोकांच्या मागणीतून आलेले नव्हते. ते केंद्रीय निधीच्या अटीपोटी आले होते. त्यामुळे त्यांच्यामागे राज्यपातळीवर संघटित पाठीराखा वर्ग नव्हता. पुढे हे कायदे डळमळीत झाले, याचे एक महत्त्वाचे कारण त्यांच्या या जन्मातच दडलेले होते.

न्यायालय आणि रस्ता :

मोटारसायकलस्वारांनी प्रथम न्यायालयाचा आश्रय घेतला. १९६८ साली मिशिगनच्या अपील न्यायालयाने आणि १९६९ साली इलिनॉयच्या सर्वोच्च न्यायालयाने आपापल्या राज्यांतील हेल्मेट कायदे रद्दबातल ठरविले. व्यक्तीचे तिच्या स्वतःपासून रक्षण करण्यासाठी राज्यसंस्थेला सक्ती करता येत नाही, हा या निर्णयांमागील विचार होता. जॉन स्टुअर्ट मिल यांनी १८५९ मध्ये मांडलेल्या स्वातंत्र्यविचाराची छाया त्यावर स्पष्ट दिसते. परंतु हे यश अपवादात्मक ठरले. १९७२ साली मॅसॅच्युसेट्समधील संघीय न्यायालयाने असा निर्वाळा दिला की, रस्त्यावर जखमी होऊन पडलेल्या स्वाराला उचलणे, त्याच्यावर उपचार करणे आणि तो कायमचा अपंग झाल्यास त्याचा भार वाहणे हे सर्व समाजालाच करावे लागते; म्हणून हा प्रश्न केवळ त्या स्वाराचा राहत नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी हा निर्णय कायम केला. न्यायालयाचा दरवाजा अशा रीतीने जवळजवळ बंद झाला.

दुसरा मार्ग आंदोलनाचा होता. १९२४ साली स्थापन झालेली अमेरिकन मोटारसायकल असोसिएशन ही जुनी संस्था प्रामुख्याने शर्यतींशी व सहलींशी निगडित होती. १९७० च्या दशकाच्या आरंभी 'ईझीरायडर्स' या मासिकाच्या प्रेरणेतून 'अबेट' नावाची नवी संघटना उभी राहिली. या नावातील इंग्रजी आद्याक्षरांचा मूळ अर्थ 'सर्वंकषवादी कायद्यांविरुद्धचा बंधुसंघ' असा होता. राज्याराज्यांतून तिच्या स्वतंत्र शाखा निघाल्या. राज्यांच्या राजधान्यांवर मोटारसायकलींचे मोर्चे निघाले आणि विधिमंडळांच्या पायऱ्यांवर सभा झाल्या. 'जो गाडी चालवतो त्यालाच ठरवू द्या' या अर्थाची घोषणा लोकप्रिय झाली.

१९७५ साली संघीय वाहतूक खात्याने कायदा न करणाऱ्या तीन राज्यांचा निधी रोखण्याची कारवाई सुरू केली आणि प्रश्न संसदेत गेला. कॅलिफोर्नियाचे उदारमतवादी डेमोक्रॅट सिनेटर ॲलन क्रॅन्स्टन आणि नॉर्थ कॅरोलिनाचे कट्टर पुराणमतवादी रिपब्लिकन सिनेटर जेसी हेल्म्स हे दोघे या प्रश्नावर एकाच बाजूला उभे राहिले. मे १९७६ मध्ये राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांनी ज्या महामार्ग विधेयकावर स्वाक्षरी केली, त्यात हेल्मेटसंबंधीची निधी रोखण्याची तरतूद काढून टाकण्यात आली होती. पुढील चार वर्षांत अठ्ठावीस राज्यांनी आपले हेल्मेट कायदे रद्द केले किंवा ते केवळ अल्पवयीनांपुरते मर्यादित केले.

मोर्चाकडून प्रचारकार्याकडे :

१९७६ चे यश मुख्यतः निदर्शने, पत्रव्यवहार आणि राज्यांच्या अधिकारांविषयीची आस्था यांच्या बळावर मिळाले होते. परंतु हे यश टिकाऊ नव्हते. १९८० च्या दशकात मृत्यूंची आकडेवारी पुढे येऊ लागताच काही राज्यांत प्रवाह उलटला. लुइझियानाने १९८२ मध्ये, तर नेब्रास्का व टेक्सास यांनी १९८९ मध्ये कायदा पुन्हा आणला. विधेयक सभागृहात येऊन पोहोचल्यावर राजधानीत मोर्चा नेणे म्हणजे उशिरा जागे होणे होय, ही जाणीव चळवळीत हळूहळू रुजली. आमदार निवडून येण्यापूर्वीच त्याच्याशी संबंध जोडला पाहिजे, असा विचार पुढे आला. १९८७ साली स्थापन झालेल्या मोटारसायकल रायडर्स फाउंडेशन या राष्ट्रीय संस्थेने वार्षिक परिषदांमधून राज्य संघटनांच्या कार्यकर्त्यांना राजकीय कामाचे शिक्षण देण्यावर भर दिला.

प्रचारातील स्वयंसेवा हे साधन प्रभावी ठरण्यास अमेरिकन निवडणूक पद्धतीची तीन वैशिष्ट्ये कारणीभूत झाली, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

पहिले वैशिष्ट्य कायद्याचे आहे. वॉटरगेट प्रकरणानंतर १९७४ साली संघीय निवडणूक कायद्यात दुरुस्ती होऊन एका व्यक्तीने एका उमेदवारास एका निवडणुकीत एक हजार डॉलरपेक्षा अधिक देणगी देऊ नये, असे बंधन आले. मात्र विनामोबदला केलेल्या श्रमाची गणना देणगीत करावयाची नाही, असे याच कायद्याने स्पष्ट केले. सर्वोच्च न्यायालयाने १९७६ मधील बक्ली विरुद्ध व्हॅलिओ या खटल्यात देणगीवरील मर्यादा वैध ठरविल्या. संघीय पदांसाठीच्या निवडणुकांत पैशाला मर्यादा आली, पण वेळेला आली नाही. राज्यांच्या निवडणुकांना राज्यांचे कायदे लागू होतात. परंतु श्रम आणि देणगी यांत भेद करण्याची दृष्टी तेथेही सामान्यतः आढळते. ज्या वर्गाजवळ पैसा बेताचा पण शनिवार-रविवार मोकळा, त्या कारागीर, ट्रकचालक व कारखाना कामगारांच्या वर्गाला ही व्यवस्था अनुकूल होती.

दुसरे वैशिष्ट्य प्राथमिक निवडणुकीचे. आपल्याकडे पक्षाचा उमेदवार पक्षश्रेष्ठी ठरवितात. अमेरिकेत तो पक्षाचे मतदार मतपेटीतून निवडतात. संपूर्ण राज्यासाठी अशी पद्धत १९०३ च्या कायद्याने प्रथम विस्कॉन्सिनने आणली आणि पुढे ती देशभर पसरली. प्राथमिक निवडणुकीत मतदान अल्प होते. नवख्या उमेदवारामागे अशा वेळी पक्षाची यंत्रणा नसते. त्याला पत्रके वाटणारे आणि दारोदार जाणारे हात हवे असतात. त्या टप्प्यावर जो मदतीस येतो त्याची आठवण उमेदवाराला पुढे राहते.

तिसरे वैशिष्ट्य मतदारसंघांच्या आकाराचे. न्यू हॅम्पशायरच्या कनिष्ठ सभागृहात ४०० सदस्य आहेत. २००० च्या जनगणनेनुसार तेथे एका सदस्यामागे सुमारे ३,१०० लोकसंख्या पडते. पेनसिल्व्हेनियाच्या २०३ सदस्यांच्या सभागृहात हे प्रमाण सुमारे ६०,५०० होते. तुलनेसाठी, २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात एका आमदारामागे सरासरी ३ लाख ९० हजार लोकसंख्या येते. लहान मतदारसंघात वीस-पंचवीस निष्ठावंत स्वयंसेवकांचे काम डोळ्यांत भरते. मोठ्या मतदारसंघात ते विरून जाते.

स्वयंसेवेचे स्वरूप :

हे कार्य दिसावयास अगदी साधे होते. मतदारांच्या अंगणात उमेदवाराच्या नावाच्या पाट्या रोवणे आणि मतदान संपल्यावर त्या उपटून आणणे, लखोटे भरून त्यांवर पत्ते चिकटविणे, दूरध्वनीवरून मतदारांशी बोलणे, घरोघर जाऊन पत्रके देणे, मतदारनोंदणीची शिबिरे भरविणे आणि मतदानाच्या दिवशी वृद्ध मतदारांना केंद्रापर्यंत नेऊन सोडणे, अशी ही कामे होती. मोटारसायकल क्लबांची जिल्हावार रचना, ठरल्या वेळी ठरल्या ठिकाणी जमण्याची सवय आणि परस्परांवरील विश्वास यांचा येथे उपयोग झाला. सहलीसाठी उभे राहिलेले संघटन प्रचारासाठी आयतेच उपलब्ध होते.

या कामातील एक सूक्ष्म पथ्य विशेष उल्लेखनीय आहे. आपण मोटारसायकलस्वार आहोत हे उमेदवाराला माहीत असावे, पण मतदाराला माहीत असण्याची गरज नाही, अशी ही व्यवहारी समजूत होती. काळे चामडी जाकीट घालून मतदाराच्या दारात उभे राहिल्यास उमेदवाराचे नुकसान होण्याचाच संभव अधिक. म्हणून साधा पोशाख करावा, उमेदवाराच्या इतर कार्यक्रमाविषयी वाद घालू नये आणि सांगितलेले काम निमूटपणे पार पाडावे, असा हा पाठ होता. ज्या चळवळीचा जन्मच वेगळेपणाच्या अभिमानातून झाला, तिने प्रभाव मिळविण्यासाठी आपले वेगळेपण काही काळ बाजूला ठेवावयास शिकावे, हा तिच्या इतिहासातील महत्त्वाचा टप्पा होय.

संघटनांच्या नावांतही हे परिवर्तन दिसते. अनेक राज्यांतील शाखांनी 'अबेट' ही आद्याक्षरे तशीच ठेवली, पण तिचा विस्तार बदलून त्यात शिक्षण व जागृती यांसारखे शब्द आणले. स्वारांना प्रशिक्षण देणाऱ्या सरकारी योजनांना त्यांनी पाठिंबा दिला. नाताळच्या सुमारास गरीब मुलांसाठी खेळणी गोळा करणाऱ्या मोटारसायकल फेऱ्यांमुळे गावोगावी त्यांच्याविषयी सद्भावना निर्माण झाली.

दुसरे वैशिष्ट्य पक्षनिरपेक्षतेचे. चळवळीने स्वतःला एका पक्षाच्या दावणीला बांधून घेतले नाही. उमेदवार कोणत्या पक्षाचा आहे यापेक्षा तो प्रौढ स्वाराला निवडीचा हक्क देणार काय, एवढाच प्रश्न ती विचारीत असे. चळवळीशी एकरूप झालेले काही लोकप्रतिनिधीही पुढे आले. कोलोरॅडोचे सिनेटर बेन नाइटहॉर्स कॅम्बेल हे स्वतः मोटारसायकलस्वार होते. विस्कॉन्सिनच्या सिनेटमधील डेव्ह झीन हे तर 'अबेट'चे सक्रिय कार्यकर्ते म्हणूनच ओळखले जात. त्याच राज्याचे गव्हर्नर टॉमी थॉम्प्सन यांनी आपल्या राज्यात बनलेल्या हार्ले-डेव्हिडसनवरील सफरींना सार्वजनिक जीवनात स्थान दिले.

यशाचा कालखंड :

१९९१ साली संसदेने भूपृष्ठ वाहतूक कायद्याद्वारे पुन्हा आर्थिक दबाव आणला. ज्या राज्यांत हेल्मेट आणि आसनपट्टा या दोहोंची सक्ती नसेल त्यांच्या बांधकाम निधीतील काही हिस्सा सुरक्षा कार्यक्रमांकडे वळविण्याची तरतूद झाली. परंतु आता चळवळ १९६६ सारखी असंघटित राहिली नव्हती. चार वर्षांतच, १९९५ मध्ये, सिनेटर ऑलिम्पिया स्नो यांच्या पुढाकाराने ही तरतूद रद्द करण्याचा प्रस्ताव आला आणि नोव्हेंबर १९९५ मध्ये राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांच्या स्वाक्षरीने तो महामार्ग कायद्याचा भाग झाला. १९९८ च्या वाहतूक कायद्याने तर संघीय अधिकाऱ्यांनी राज्यांच्या आमदारांकडे कायद्यासाठी आग्रह धरण्यावरच बंधने घातली.

यानंतर राज्याराज्यांतून कायदे शिथिल होऊ लागले. आर्कान्सा व टेक्सास (१९९७), केंटकी (१९९८), लुइझियाना (१९९९) आणि फ्लोरिडा (२०००) ही त्यांतील प्रमुख राज्ये होत. पेनसिल्व्हेनियाचे उदाहरण प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने विशेष बोलके आहे. तेथे १९६८ पासून कायदा होता. २००२ च्या गव्हर्नरपदाच्या निवडणुकीत डेमोक्रॅट पक्षाचे एड रेंडेल यांनी, विधेयक आपल्यासमोर आल्यास आपण त्यावर स्वाक्षरी करू, असे आश्वासन मोटारसायकलस्वारांना दिले. ते निवडून आले आणि जुलै २००३ मध्ये त्यांनी आपला शब्द पाळला. एकवीस वर्षांवरील व दोन वर्षांचा अनुभव असलेल्या किंवा प्रशिक्षण पूर्ण केलेल्या स्वारांना सूट मिळाली. फ्लोरिडात हीच गोष्ट रिपब्लिकन गव्हर्नर जेब बुश यांच्या काळात घडली, हे पाहता चळवळीच्या पक्षनिरपेक्षतेचा लाभ ध्यानात येतो.

पुढेही हा क्रम चालू राहिला. मिशिगनमध्ये गव्हर्नर जेनिफर ग्रॅनहोम यांनी नकाराधिकार वापरून अडविलेला बदल २०१२ मध्ये त्यांचे उत्तराधिकारी रिक स्नायडर यांनी मान्य केला. मिसुरीने २०२० मध्ये आणि नेब्रास्काने २०२३ मध्ये कायदा शिथिल केला. नेब्रास्कातील बदल १ जानेवारी २०२४ पासून अमलात आला. १९८९ पासून तेथील स्वारांनी या मागणीचा पाठपुरावा सोडला नव्हता. चळवळीच्या चिकाटीचे हे द्योतक आहे.

प्रभावाच्या मर्यादा :

या सर्व यशाचे श्रेय केवळ स्वयंसेवेला देणे अतिशयोक्तीचे होईल. राज्यांच्या स्वायत्ततेचा आग्रह, व्यक्तिस्वातंत्र्याची अमेरिकन परंपरा आणि १९९४ नंतर संसदेत आलेले रिपब्लिकन बहुमत यांचाही त्यात वाटा होता. शिवाय जेथे चळवळ अपयशी ठरली ती उदाहरणेही तितकीच उद्बोधक आहेत.

कॅलिफोर्निया हे मोटारसायकल संस्कृतीचे माहेरघर. तरीही तेथे १९९१ मध्ये हेल्मेट कायदा संमत झाला, गव्हर्नर पीट विल्सन यांनी त्यावर स्वाक्षरी केली आणि १ जानेवारी १९९२ पासून तो लागू झाला. तो आजही कायम आहे. कॅलिफोर्नियाच्या ऐंशी सदस्यांच्या सभागृहात १९९० च्या जनगणनेनुसार एका सदस्यामागे सुमारे ३ लाख ७२ हजार लोकसंख्या होती. एवढ्या मोठ्या मतदारसंघात प्रचाराचा भर दूरचित्रवाणी व टपालावर असतो. दारोदार फिरणाऱ्या स्वयंसेवकाचे मोल तेथे घटते. सार्वजनिक रुग्णालयांवरील खर्चाचा मुद्दाही तेथे प्रभावी ठरला.

ऑरेगनचे उदाहरण याहून सूचक आहे. तेथे १९८८ साली हा प्रश्न सार्वमतासाठी ठेवण्यात आला आणि मतदारांनी हेल्मेटसक्तीच्या बाजूने कौल दिला. प्रश्न आमदारांसमोर असतो तेव्हा चळवळीचा प्रभाव पडतो. तोच प्रश्न सर्व मतदारांसमोर आला की तिचे अल्पसंख्यत्व उघड होते. मॅन्कर ओल्सन यांनी १९६५ मध्ये मांडलेल्या सामूहिक कृतीच्या सिद्धान्ताची येथे आठवण होते. लहान व तीव्र हितसंबंध असलेला गट सहज संघटित होतो. ज्या खर्चाचा भार सर्वांवर थोडाथोडा पडतो त्याविरुद्ध कोणीच संघटित होत नाही.

लुइझियानाने १९९९ मध्ये रद्द केलेला कायदा २००४ मध्ये गव्हर्नर कॅथलीन ब्लँको यांच्या काळात पुन्हा आणला. डेव्ह झीन २००६ च्या निवडणुकीत पराभूत झाले. आरोग्य विम्यात मोटारसायकलस्वारांशी भेदभाव होऊ नये म्हणून १९९६ च्या आरोग्य विमा कायद्यात चळवळीच्या प्रयत्नांनी अनुकूल भूमिका आली. पण पुढे झालेल्या नियमांमुळे विशिष्ट कारणाने झालेल्या दुखापतींवरील खर्च नाकारण्याची वाट विमा योजनांना मोकळी राहिली. आमदाराच्या मतदारसंघात मिळविलेला प्रभाव वॉशिंग्टनमधील नियम करणाऱ्या कार्यालयांपर्यंत पोहोचू शकला नाही.

कोणी किंमत मोजली :

प्रस्तुत इतिहासाची दुसरी बाजू रुग्णालयांच्या नोंदींत आहे. हेल्मेटमुळे मोटारसायकल चालकाचा मृत्यू टळण्याची शक्यता सुमारे ३७ टक्के असते, असा संघीय सुरक्षा खात्याचा अंदाज आहे. कॅलिफोर्नियात कायदा लागू होण्यापूर्वीच्या १९९१ या वर्षी ५२३ मोटारसायकलस्वार मृत्यू पावले. १९९२ मध्ये ही संख्या ३२७ वर आली. पेनसिल्व्हेनियात याच्या उलट घडले. अमेरिकन जर्नल ऑफ पब्लिक हेल्थ या नियतकालिकात २००८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, कायदा शिथिल होण्यापूर्वीच्या दोन वर्षांच्या तुलनेत नंतरच्या दोन वर्षांत डोक्याच्या दुखापतीने झालेल्या मृत्यूंत ६६ टक्के वाढ झाली, तर इतर दुखापतींनी झालेल्या मृत्यूंत २५ टक्के. स्वारांची संख्या वाढली म्हणून मृत्यू वाढले, या युक्तिवादाने या दोन आकड्यांतील तफावतीचे समाधानकारक स्पष्टीकरण मिळत नाही.

जून २००६ मध्ये पिट्सबर्गच्या फुटबॉल संघाचा नामवंत खेळाडू बेन रॉथलिसबर्गर हेल्मेटविना मोटारसायकल चालविताना गंभीर जखमी झाला आणि पेनसिल्व्हेनियातील कायद्याची चर्चा देशभर झाली. परंतु कायदा बदलला नाही. याचे कारण शोधू गेल्यास या चळवळीचा मूळ पेच हाती लागतो. हेल्मेट न घालता सुखरूप घरी पोहोचणारा स्वार पुढील निवडणुकीतही प्रचारास येतो. जो पोहोचला नाही तो येत नाही. मेंदूला इजा होऊन अंथरुणाला खिळलेला माणूस पत्रके वाटू शकत नाही आणि त्याच्या शुश्रूषेत गुंतलेल्या पत्नीला वा आईला राजधानीत जाण्यास सवड नसते. स्वयंसेवेवर आधारलेल्या राजकारणात ज्यांच्याजवळ वेळ आणि धडधाकट शरीर आहे त्यांचाच आवाज पोहोचतो. पैशाच्या राजकारणातील विषमता आपण जाणतो. वेळेच्या राजकारणातही तशीच एक विषमता असते, हे या इतिहासावरून ध्यानात येते.

तथापि यावरून चळवळीच्या कार्यकर्त्यांना दोषी ठरविणे योग्य नव्हे. त्यांनी लाच दिली नाही, धमकी दिली नाही. आपल्या मागणीसाठी त्यांनी लोकशाहीने खुला ठेवलेला सर्वांत प्रामाणिक मार्ग पत्करला आणि स्वतःच्या घामाने तो चालून दाखविला. उणीव होती ती समोरच्या बाजूस. डॉक्टरांच्या संघटनांनी समित्यांपुढे साक्षी दिल्या, आकडेवारी सादर केली. परंतु स्वारांसारखे दारोदार फिरणारे मनुष्यबळ त्यांना उभे करता आले नाही.

महाराष्ट्राच्या संदर्भात :

हा इतिहास वाचताना आपल्याकडील परिस्थितीशी तुलना मनात येणे स्वाभाविक आहे. भारतात नोंदणीकृत वाहनांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश दुचाकी आहेत. म्हणजे येथे दुचाकीस्वार हा अल्पसंख्य गट नसून रस्त्यावरील बहुसंख्य वर्ग आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १२९ नुसार हेल्मेट बंधनकारक आहे. तरीही केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या आकडेवारीनुसार २०२२ साली रस्ते अपघातांतील १,६८,४९१ मृतांपैकी ४४.५ टक्के दुचाकीवरील होते आणि हेल्मेट न घातल्यामुळे मृत्यू पावलेल्यांची संख्या ५०,०२९ होती. पुणे शहरात हेल्मेटसक्तीला वेळोवेळी विरोध झाला. जानेवारी २०१९ मध्ये अंमलबजावणी कडक होताच पुन्हा आंदोलन झाले आणि त्यात वेगवेगळ्या पक्षांची मंडळी सहभागी झाली.

मात्र दोन्हींतील भेद मूलगामी आहे. आपल्याकडे निवडणूक आली की मोटारसायकल फेऱ्या निघतात. गळ्यात पक्षाचा रुमाल, गाडीला झेंडा आणि टाकीत उमेदवाराच्या खर्चाने भरलेले पेट्रोल, असे त्यांचे सर्वपरिचित रूप आहे. आपल्या महाविद्यालयांतील विद्यार्थीही त्यांत मोठ्या संख्येने असतात. परंतु हे स्वार उमेदवाराची शक्ती दाखविण्यासाठी येतात, स्वतःची नव्हे. फेरी संपल्यावर ते आपापल्या घरी जातात आणि ज्या रस्त्यावरून फेरी निघाली त्या रस्त्यावरील खड्ड्यांविषयी कोणी उमेदवाराला प्रश्न विचारीत नाही. अमेरिकन स्वार उमेदवाराकडे गाडी घरी ठेवून गेला, पण मागणी घेऊन गेला. आपला तरुण गाडी घेऊन जातो, पण मागणी मात्र घरी ठेवतो.

निष्कर्ष :

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात. (१) संख्येने अल्प, आर्थिकदृष्ट्या सामान्य आणि प्रतिमेने प्रतिकूल असलेला गट निवडणूक-प्रचारातील नियमित श्रमदानाच्या बळावर कायद्यांवर प्रभाव पाडू शकतो. (२) असा प्रभाव लहान मतदारसंघ, खुली प्राथमिक निवडणूक आणि श्रमाला देणगी न मानणारा कायदा या परिस्थितीत अधिक फलदायी ठरतो. मोठे मतदारसंघ, सार्वमत आणि प्रशासकीय नियम यांच्यापुढे तो क्षीण होतो. (३) मागणी एकच, स्पष्ट व पक्षनिरपेक्ष ठेवल्याने चळवळीला दोन्ही पक्षांत मित्र मिळाले. (४) प्रभाव मिळाला म्हणून मागणी हितकारक ठरत नाही. अमेरिकेतील मोटारसायकलस्वारांनी जिंकलेल्या हक्काची किंमत त्यांच्यापैकीच अनेकांनी आपल्या प्राणांनी चुकविली.

इतिहासाच्या आणि राज्यशास्त्राच्या वर्गात दबावगट हा घटक शिकविताना या उदाहरणाचा उपयोग व्हावा, असे वाटते. मोटारसायकल फेरीत निघालेल्या आपल्या विद्यार्थ्याला दोन गोष्टी सांगावयास हव्यात. प्रचारासाठी दिलेला त्याचा दिवस हे राजकीय भांडवल आहे. ते कोणाला व कशासाठी द्यावयाचे हे त्याने स्वतः ठरवावे. आणि फेरीला निघताना डोक्यावर हेल्मेट असावे.